मृताच्या आईच्या पत्रावरून

सैनिकी टपाल
९ नोव्हेंबर २०२४

आदरणीय मंदाताई,

नमस्कार. मी मेजर गुरुप्रसाद केळशीकर, आपल्या संग्रामसिंहचा कंपनी कमांडर. त्याला घेऊन जी तुकडी ग्वाल्हेरला आली होती तिच्यात मला येता आलं नाही, याची रुखरुख आहे. म्हणून हे पत्र.

आमच्या कंपनीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो, तो आणि मी. ग्वाल्हेरचा सुर्वे म्हटल्यावर मी त्याला पहिल्याच भेटीत विचारलं, घरी काय बोलता? म्हणाला, "आई मराठी बोलते सर, आम्ही मधेमधे घसरतो." मला फार हसू आलं होतं. मुलगा गुणी होता. आपल्याकडून शिवणकाम शिकला होता, त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात माझ्या क्वार्टरचे सगळे पडदे त्यानंच शिवून दिले. माझी पत्नी अजून त्या सरळ शिलाईचं कौतुक करते.

२२ ऑक्टोबरच्या संध्याकाळी छावणीतल्या पाण्याच्या उंच टाकीवरून पडून त्याचा मृत्यू झाला. तो तिथे का गेला, हे आज कुणालाच सांगता येत नाही. नियमाप्रमाणे चौकशी बसली आहे. तिला कागदपत्रं आणि माहिती पुरवण्याचं काम माझ्याकडे आहे, तेव्हा आपण निर्धास्त असावं.

एक विनंती. युनिटमध्ये त्याची आठवण म्हणून आम्ही थोडं लिहून ठेवणार आहोत. तो लहानपणी कसा होता, कशाला घाबरायचा, कशानं हळवा व्हायचा, हे आईवाचून कोण सांगणार? फोनवर आम्हाला बंधनं असतात. सवडीनं, मोकळ्या मनानं लिहा. मराठीतच लिहा, मी स्वतः वाचेन.

आपला,
गुरुप्रसाद केळशीकर

*

दौलतगंज, लश्कर, ग्वाल्हेर
२१ नोव्हेंबर २०२४

मेजर साहेबांना मंदा सुर्वेचा नमस्कार.

तुमचं पत्र नया बाज़ारातल्या दुकानावर मिळालं. मी तिथे साड्यांना फॉल लावते, ब्लाउज शिवते. हातातली साडी तशीच टाकली अन् पत्र वाचलं. मग परत वाचलं. मला कुणी मराठीत पत्र लिहिलं त्याला जमाना झाला साहेब. इथे जन्म गेला पण सगळं हिंदीत. पेटीबरोबर जे साहेब आले होते ते "माताजी, धीरज रखिए" म्हणाले अन् घड्याळ बघत होते. तेव्हा मला रडू आलं नाही. तुमच्या पत्रानं आलं.

मी जरा तोंडाची फटकळ आहे, राग मानू नका. संग्रामचे वडील रघुनाथराव गोड बोलणारे होते, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. आता घरात मी एकटी. मुलगी सोनिका लग्न होऊन भोपाळला आहे, फोनवर रोज ओरडते, "आई, खाना खाया की नहीं?"

संग्राम कसा होता, विचारता. हट्टी. नाकावर राग. गोरखीच्या शाळेत असताना मास्तरांनी चुकून दुसऱ्याची छडी ह्याला मारली, तर पट्ठ्या दुपारपर्यंत हेडमास्तरांच्या दारात उभा, माफी मागा म्हणून. मास्तरांनी मागितली पण. मोहल्ल्यात सांड सुटला की काठी घेऊन हाच पुढे. फक्त एक गोष्ट. तो एकदम भित्रा होता उंचीला. उंचावर गेला की त्याचे हातपाय गळायचे. संक्रांतीला सगळी पोरं गच्चीच्या कठड्यावर, अन् हा जिन्याच्या दारात बसून फिरकी धरायचा. पोरं चिडवायची, तर म्हणायचा, फिरकीशिवाय उडवून दाखवा.

वडील गेल्यावर महिनाभर कुणाशी बोलला नाही. मग एका पहाटे उठला अन् मेळ्याच्या मैदानावर धावायला लागला. पुढच्या भरतीत पहिल्या फटक्यात घेतला त्याला. मी म्हटलं, अरे तिथे दोरावर चढवतील. म्हणाला, डोळे मिटून चढेन, तू देवाला सांगून ठेव.

आता मला एक समजत नाही साहेब. असा मुलगा पाण्याच्या टाकीवर चढला कशाला? त्याला कुणी सांगितल्याशिवाय तो वर जायचा नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. अन् दुसरं. माझ्या दिरांनी त्याला अंघोळ घातली, तेव्हा दोन्ही खांद्यांवर रुंद पट्ट्यांचे वळ होते, जड पिशवी बराच वेळ पाठीवर असली की उठतात तसे. संध्याकाळी टाकीवर पिशवी घेऊन कोण जातं? तुम्ही चौकशीत आहात तर एवढं विचारा.

पडदे शिवले हे त्यानं मला सांगितलं नव्हतं. बरं वाटलं वाचून. माझ्या हातचं काहीतरी तुमच्या घरात आहे.

तुमची,
मंदा सुर्वे

*

सैनिकी टपाल
४ डिसेंबर २०२४

आई,

असं म्हटलं तर चालेल ना? माझी आई वाईला असते, तिचं आणि तुमचं अक्षर अगदी एकसारखं आहे. मला परका समजू नका, मुलगाच समजा.

तुमचं पत्र मी चौकशी समितीच्या अध्यक्षांना वाचून दाखवलं, तेही हेलावले. खांद्यांवरच्या खुणांबद्दल: एवढ्या उंचीवरून पडल्यावर शरीरावर अनेक खुणा होतात. डॉक्टरांनी तपासलं आहे, त्याचा विचार करून मनाला त्रास करून घेऊ नका.

थोडी माहिती मात्र हवी होती. त्याचं लग्न ठरून मोडलं होतं असं इथे काही जण म्हणतात. ते कसं झालं? त्याला किती लागलं? आणि शेवटचा फोन कधी आला, काय म्हणाला? शब्द आठवत असतील तर जसेच्या तसे लिहा. तसंच इथला कुणी जवान तुमच्याशी बोलला असेल किंवा भेटून गेला असेल, तर नाव जरूर कळवा. अशा मुलांना समोर आणणं माझं काम आहे, नाहीतर चौकशी अर्धवट राहते.

थंडी वाढली असेल. जपा.

तुमचा,
गुरुप्रसाद

*

दौलतगंज, ग्वाल्हेर
२२ डिसेंबर २०२४

चि. गुरुप्रसाद यास अनेक आशीर्वाद.

मुलगा म्हणालास, तर आता मी पण तूच म्हणते. तुझ्या आईला माझा नमस्कार कळव. सोनिका म्हणते, आई, इतनी जल्दी किसी पे भरोसा मत कर. मी म्हटलं, अगं आपला माणूस आहे, मराठीत लिहितो. तिला काय कळतं, ती स्वतः आता अर्धी हिंदीच झाली आहे.

लग्नाचं सांगते. इंदूरची मुलगी, गरिमा नाव. साखरपुडा झाला, मग तिच्या घरच्यांना एकाएकी सुचलं की फौजी जावई नको, नोकरी गावातली पाहिजे. सुपारी फुटल्यावर अक्कल आली त्यांना. संग्राम सुट्टीवर होता. त्यानं जेवण सोडलं. मी हात जोडले, ओरडले, काही नाही. मग एक दिवस सकाळी उठून बेडई, इथली डाळ भरलेली पुरी, खाऊन आला, माझ्यासाठी पण बांधून आणली अन् म्हणाला, आई, संपला विषय, मुलगी चांगली होती, तिच्या बापाचं तोंड मात्र मला आयुष्यभर बघावं लागलं असतं. आम्ही दोघं इतके हसलो की शेजारीण बघायला आली, पोरगं वेडं झालं का म्हणून. ह्याला दीड वर्ष झालं. आता तो त्या मुलीचं नावही काढत नव्हता.

शेवटचा फोन तो गेला त्याच आठवड्यातला. आवाज थकलेला. म्हणाला, "आई, आता नाही होत माझ्याकडून. सुट्टीचा अर्ज टाकलाय, मिळाली की येतो अन् तुझ्या हातचं खाऊन नुसता झोपतो." मी म्हटलं, काय रे, आजारी आहेस का? तर म्हणाला, नाही, ड्यूटीचं आहे, आल्यावर सांगतो. दिवाळीला येणार होता. मी अनारशाचं पीठ करून ठेवलं होतं.

आता जे लिहिते ते तुझ्यापाशीच ठेव. दौलतसिंह माझ्याकडे आला होता. तुमच्याच कंपनीतला, भिंडकडचा, संग्रामच्या बाजूच्या खाटेवरचा. सुट्टीवर आला अन् रात्रीचा मुक्काम माझ्याकडे केला. पोरगा रडून रडून सांगत होता. म्हणाला, संग्रामला ड्रायव्हिंगच्या कोर्सला जायचं होतं, पण त्याला रोज दुपारी साहेब लोकांच्या घरी शिवायला बसवायचे, पडदे, गाद्यांच्या खोळी, कुणाच्या लग्नाचे ब्लाउज. एक दिवस तो म्हणाला, मी फौजेत शिपाई झालोय, दर्जी नाही, आता शिवणार नाही. तेव्हापासून हवालदारानं त्याला धरलं. त्याला उंचीची भीती आहे हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून रोज संध्याकाळी पाठीवर भरलेली पिशवी देऊन टाकीवर चढवायचे. "तेरा डर निकालते हैं" म्हणायचे. खाली उभे राहून हसायचे. दौलतसिंहानं एकदा विचारलं, तर हवालदार म्हणाला, ऊपर से ऑर्डर है. त्या दिवशी तो वरून सुटला. फोटो काढायच्या आधी पिशवी काढून घेतली. दौलतसिंहानं हे स्वतः पाहिलंय.

त्यानं मला शपथ घातली की कुणाला सांगू नका, माझी नोकरी जाईल. पण तू काही कुणी परका नाहीस, अन् तूच लिहिलंस की नाव कळव. त्याला नीट बोलावून, समोर बसवून, न घाबरवता विचार. तो सांगेल. हे सरकारचं काम आहे रे, माझं नाही. मी त्यांना मुलगा दिला तेव्हा तो चालत गेला होता. तो कसा मेला एवढं सरकारनं मला नीट शोधून सांगावं, दुसरं मला काही नको.

तुझी,
मंदाआई

*

सैनिकी टपाल
१७ एप्रिल २०२५

श्रीमती मंदा सुर्वे यांस,

आपली जानेवारी व फेब्रुवारीतली पत्रं मिळाली. चौकशी चालू असल्यानं उत्तर देता आलं नाही.

चौकशी पूर्ण झाली आहे. शिपाई दौलतसिंह यांचा जबाब नोंदवण्यात आला. आपण ग्वाल्हेरला कधी गेलो नाही, पिशवी अथवा शिक्षेबद्दल आपल्याला काही माहीत नाही, असं त्यांनी लिहून दिलं आहे. त्यांची बदली सध्या उंचावरच्या एका चौकीवर झाली आहे. इतर कुणाही जवानानं शिक्षेचा उल्लेख केलेला नाही.

समितीचा निष्कर्ष आपल्या माहितीसाठी उतरवून देत आहे:

"मृताच्या आईच्या पत्रावरून असं स्पष्ट होतं की मृत हा स्वभावानं 'एकदम भित्रा' होता व त्याचे 'हातपाय गळायचे'. वडिलांच्या निधनानंतर तो 'महिनाभर कुणाशी बोलला नाही'. विवाह मोडल्यावर 'त्यानं जेवण सोडलं'. मृत्यूपूर्वीच्या अखेरच्या संभाषणात तो आईला म्हणाला, 'आता नाही होत माझ्याकडून'. सबब, घरगुती कारणांनी खचलेल्या मनःस्थितीत त्यानं स्वतः टाकीवर चढून आत्महत्या केली. मृत्यूचा सेवेशी संबंध नाही."

हे वाचणं आपल्याला जड जाईल, याची कल्पना आहे. मनाला सावरावं.

आपला,
मेजर गु. केळशीकर

*

दौलतगंज
२ मे २०२५

मेजर केळशीकर,

पुन्हा तुम्हीवर आले. तुमच्या तोंडून आलेली 'आई' मी परत घेतली.

मी शिवणारी बाई आहे. कापड कसं कापतात मला माहीत आहे. तुम्ही माझी वाक्यं मधोमध कापलीत. महिनाभर बोलला नाही, ते ठेवलंत, अन् मग उठून धावायला लागला, ते टाकून दिलंत. जेवण सोडलं ठेवलंत, बेडई फेकलीत. "आता नाही होत माझ्याकडून" ठेवलंत, अन् येऊन तुझ्या हातचं खातो म्हणाला, ते कुठे गेलं? मरायला निघालेला मुलगा सुट्टीचा अर्ज टाकतो का? अर्ज तुमच्याच टेबलावर आला असेल ना?

अन् सगळ्यात मोठं. मी लिहिलं तो उंचीला भितो, म्हणून विचारा की त्याला वर कुणी चढवलं. तुम्ही त्याचंच केलंत की भित्रा होता म्हणून मेला. अहो, ज्याला गच्चीच्या कडेला उभं राहवत नाही तो जीव द्यायला एवढ्या उंच टाकीवर चढेल? त्याच्याजवळ बंदूक नव्हती? एवढं विचारायला काही फार मोठी अक्कल लागत नाही. वळांबद्दल एक अक्षर नाही. पोस्टमॉर्टमची नकल मागितली, तर तुमचं ऑफिस म्हणतं गोपनीय. सोनिका छावणीजवळच्या ठाण्यात जाऊन आली, पोलिसांनी तुमचाच कागद जोडून फाइल बंद केली आहे. मतलब, तुम्हीच आरोपी, तुम्हीच पंच, अन् साक्षीदार कोण, तर मी. माझ्याच मुलाविरुद्ध.

तुमचं पहिलं पत्र काढून पुन्हा वाचलं. पडदे. मी मेली त्यावर खूश झाले होते. दुपारी ड्यूटी सोडून माझा मुलगा तुमच्या खिडक्या मापत बसला होता. ज्या साहेब लोकांचं दौलतसिंह बोलला त्यांतले एक तुम्ही, अन् मी त्याचं नाव तुमच्याच हातात दिलं.

गेल्या आठवड्यात दौलतसिंहाची आई आली होती, भिंडहून बस धरून, दुकान विचारत विचारत. मी पाणी दिलं, तिनं घेतलं नाही. उभ्या उभ्या म्हणाली, "बहनजी, तुम्हारा तो गया. मेरा अभी जिंदा है. उसका नाम मत लेना अब." मी तिच्या पायाला हात लावायला वाकले, तर मागे सरली. पोराला बर्फात पाठवलंय, फोन लागत नाही. मालकासमोर, गिऱ्हाइकांसमोर मी तशीच वाकलेली राहिले.

त्या पोरानं शपथ घातली होती, अन् मी ती मोडली. का, तर तुम्ही मराठीत लिहिता. मला दुसऱ्या कुणी फसवलं नसतं, हिंदीत लिहिलं असतंत तर मी दहादा विचार केला असता.

माझी पत्रं मला परत पाठवा. ती मी मुलाच्या आठवणीसाठी लिहिली होती.

मंदा सुर्वे

*

सैनिकी टपाल
२० मे २०२५

श्रीमती सुर्वे,

आपली पत्रं चौकशीच्या कागदपत्रांचा भाग झाली आहेत. ती परत करता येत नाहीत, आणि गोपनीय असल्यानं त्यांच्या नकलाही देता येत नाहीत.

माझ्या घराबद्दल आपण जे सुचवलं आहे त्याला उत्तर देणं मी गरजेचं समजत नाही. आपलं दुःख लक्षात घेऊन मी ते वर कळवलेलं नाही. पत्रांत आपण जे लिहिलंत ते खरं होतं की नाही, एवढाच प्रश्न स्वतःला विचारून पाहा. खरं असेल तर तक्रार कसली? निष्कर्ष मान्य नसल्यास आपण न्यायालयात दाद मागू शकता.

मे. गु. केळशीकर

*

नवी दिल्ली
६ डिसेंबर २०२५

आई,

हे पत्र मी लिहायला नको. माझी बदली झाली आहे, बढतीही मिळाली. संग्रामच्या प्रकरणाशी माझा आता कागदोपत्री संबंध नाही. पण तुम्ही कोर्टात दाखल केलेल्या प्रतिज्ञापत्राची प्रत मला दाखवण्यात आली, आणि वाचून झोप लागली नाही.

तुम्ही शपथेवर लिहिलं आहे की तुमचा मुलगा कधीच कशाला घाबरत नव्हता, उंचीला तर मुळीच नाही. वडील गेल्यावर तो धीरानं वागला, रडला नाही. लग्न मोडल्याचं त्याला काहीच वाटलं नाही. शेवटच्या फोनवर तो आनंदात होता. आणि आम्हाला लिहिलेल्या पत्रांतला मजकूर दुःखाच्या भरात, भान नसताना लिहिला गेला, तो खरा मानू नये.

आई, असं कशाला केलंत? आमच्या वकिलांनी आता तुमची चारही पत्रं पूर्ण, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, सीलबंद लिफाफ्यात कोर्टासमोर ठेवली आहेत. तुमच्या हस्ताक्षरात. बेडई आहे, सुट्टीचा अर्ज आहे, वळ आहेत, सगळं आहे. भान नसलेली बाई असं लिहीत नाही, हे कुणालाही दिसतं. म्हणजे शपथेवरचं खोटं. ते मांडणार आहेत की जी आई शपथेवर खोटं बोलते तिच्या पिशवीच्या आणि दौलतसिंहाच्या गोष्टीवर विश्वास कसा ठेवायचा.

मला खरंच वाईट वाटतं. तुम्ही काही न करता गप्प राहिला असतात, तर निदान हे झालं नसतं.

गुरुप्रसाद

*

दौलतगंज, ग्वाल्हेर
९ एप्रिल २०२६

केळशीकर,

निकाल तुम्हाला कळलाच असेल. अर्ज फेटाळला. जजसाहेबांनी मला काही वाईट म्हटलं नाही, दोन ओळीत आटपलं. अर्जदाराची दोन्ही निवेदनं एकमेकांना छेद देतात, सबब कोणतंच ग्राह्य धरता येत नाही. टाकीबद्दल एक प्रश्न कुणी विचारला नाही. पिशवी कुणाची होती, कुठे गेली, हवालदार कोण, काही नाही. सगळी तारीख माझ्यावरच गेली, की ही बाई खरं कधी बोलते.

तुम्ही विचारलंत, असं कशाला केलंत. सांगते. निवेदिता म्हणून आमच्या गोरखीतली वकील पोरगी आहे, फी न घेता उभी राहिली. तिनं आधी माझी पूर्ण पत्रं मागितली. म्हणाली, काकू, पूर्ण पत्रं वाचली की त्यांचा निष्कर्ष तिथल्या तिथे पडेल. तुमच्याकडून उत्तर काय आलं, तर गोपनीय. माझ्याकडे नकल नाही. घरात बसून मुलाबद्दल लिहिताना कोण नकल ठेवतं? मग ती म्हणाली, आता त्यांच्याकडे कापलेले तुकडे आहेत अन् आपल्याकडे काहीच नाही, तेव्हा तुकडेच खोटे म्हणावे लागतील. मी म्हटलं, ते खोटे नाहीत गं. ती रडकुंडीला आली. म्हणाली, काकू, मला माहीत आहे, पण भित्र्या मुलाची चौकशी कोणी करत नाही. धीट मुलगा पडला तरच विचारतात.

मग मी सही केली. तिनं वाचून दाखवलं अन् मी एकेका ओळीला हो म्हटलं. कशाला घाबरत नव्हता? हो. रडला नाही? हो. तुमच्याशी आनंदानं बोलला? हो. बाहेर येऊन कोर्टाच्या नळावर चूळ भरली. अन् मी सही केल्यावर ती गोपनीय पत्रं लगेच बाहेर निघाली, बंद लिफाफ्यात, जजसाहेबांनी वाचली अन् आम्हाला नकल न देता परत तुमच्याकडे गेली. मला वाचवायला ती निघत नव्हती, खोटी पाडायला निघाली.

निवेदिता अपील करू म्हणते. अपिलात पण शपथेवरचंच धरून चालावं लागेल, आता बदलता येत नाही, बदललं तर माझ्यावरच खटला. म्हणून ती मला बजावून गेली आहे की काकू, बाहेर कुणाशी, नात्यात, शेजारी, संग्रामबद्दल बोलाल तर सांभाळून. कोण कुठे जाऊन काय सांगेल नेम नाही.

मागच्या आठवड्यात सोनिका आली होती. तिची मुलगी यशश्री पहिल्यांदा शाळेत जायला लागली आहे, रोज दारात लोळण घेते, रडून आकांत करते. सोनिका कणीक मळत होती. तिला म्हणाली, अगं, तुझा मामा पण असाच रडायचा. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, सांग ना हिला, भैया पहिल्या दिवशी कैसे रोया था, अन् तू चार वेळा परत सोडून आलीस."

तो रडलाच होता. माझ्या साडीचा पदर इतका घट्ट धरला होता की बाईंनी एकेक बोट सोडवलं. तेव्हा त्याची बोटं किती लहान होती, ते मला अजून हाताला कळतं. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तोंड उघडलं अन् पहिला विचार आला की हे अपिलाला चालेल का.

मी म्हटलं, नाही, तुझा मामा रडला नाही. हसत गेला.

सोनिकाचे हात कणकेत तसेच राहिले. म्हणाली, आई, तूच तर सांगायचीस. मी म्हटलं, मी सांगत नव्हते. तो कधी रडला नाही, कोर्टात तसं लिहून दिलंय. पोरीला वाटलं मी तिला रागावले, ती अजून जोरात रडायला लागली. सोनिकानं तिला उचलून बाहेर नेलं. त्यानंतर घरात कुणी त्याचं नाव काढलं नाही.

भीती अशी वाटते केळशीकर, की अपील दोन वर्षं चालेल, पाच वर्षं चालेल, अन् मी असंच बोलत राहीन. माझी साठी आली. एक दिवस मला पण तोच आठवेल, शपथेवरचा, धीट, हसणारा, ज्याला मी जन्म दिला नाही. माझा मुलगा जसा होता तसा आता फक्त त्या चार पत्रांत आहे, अन् ती तुमच्या सरकारच्या कपाटात आहेत.

मागे मी ती परत मागितली होती. आता मागत नाही. निवेदिता म्हणते, फाइल जुनी झाली की सरकार कागद जाळून टाकतं. तुमची बढती झाली आहे, तुमची ओळख असेल. जाळायच्या आधी मला कळवा. मी कुठेही येईन, बाहेर बाकावर बसेन, अन् एकदा वाचून तुमच्या हातात परत देईन.

मंदा सुर्वे